मदत येईपर्यंतचे तास

लोणावळ्याच्या परिसरातल्या एका बचाव पथकाची खोली. भिंतीवर रोपची वेटोळी, खिळ्यांना लटकवलेले हार्नेस, खाली हेल्मेटांची रांग आणि कोपऱ्यात घडी घातलेलं स्ट्रेचर. बसलेल्यांपैकी एकाचं मोबाइलचं दुकान, दुसरे शाळेत शिक्षक, तिसरा कंपनीतली पहिली पाळी संपवून आलेला. वाट चुकलेल्या, पाय मोडलेल्या, ओढ्यापलीकडे अडकलेल्या लोकांना खाली आणायचं काम ही मंडळी एक पैसाही न घेता करतात. त्यांना मी विचारलं, तुम्ही ज्यांच्यापर्यंत पोहोचता त्यांच्या सॅकमध्ये काय असतं?

कुणाला आठवावं लागलं नाही. वेफर्सची पाकिटं, रिकामी झालेली छोटी बाटली, स्पीकर, फोटोसाठी आणलेला जादा टी-शर्ट आणि बॅटरी संपत आलेला फोन. टॉर्च बहुतेकांकडे नसतो, कारण अंधार पडायच्या आत घरी पोहोचायचं ठरलेलं असतं. मग शिक्षकांनी आपली सॅक जमिनीवर रिकामी केली. पट्ट्यालाच बांधलेली शिट्टी, डोक्याला लावायचा दिवा आणि त्याचे जादा सेल, चंदेरी पातळ ब्लँकेट, जाड प्लॅस्टिकची मोठी काळी पिशवी, सुका बनियन आणि मोजे, ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या गोळ्या, त्रिकोणी पट्टी, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे, छोटी सुरी, पॉवर बँक, कागद आणि पेन्सिल. सगळं मिळून एका शाळकरी दप्तरापेक्षा हलकं.

संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘सोबत’ हा विषय दिला होता. संकटाच्या वेळी माणसाने सोबत काय बाळगावं, हे डोंगरात आणि नदीकाठी जाऊन पाहायचं मी ठरवलं. जिथे जिथे गेलो तिथे बोलणं वस्तूंवरून सुरू झालं आणि तासांवर येऊन थांबलं. मदत यायला किती तास लागतात? तोवर अंगात किती जीव राहतो? पिशवीत काय भरायचं ते या दोन प्रश्नांवरून ठरतं.

तास कुठे जातात

बचाव पथकाला फोन येतो तो बहुधा दुपार उलटल्यावर. पहिली पंधरा-वीस मिनिटं नेमकं ठिकाण कळण्यात जातात. ‘आम्ही धबधब्याच्या वर आहोत’ एवढ्यावरून सह्याद्रीत कुणी सापडत नाही. मग माणसं जमवायची. कुणी दुकानाचं शटर खाली ओढतो, कुणी साहेबांची परवानगी काढतो. गाडी पायथ्याच्या गावी पोहोचते, तिथला एखादा वाटाड्या बरोबर येतो आणि चढाई सुरू होते. पावसात निसरडं, घसाऱ्यावर पाय ठरत नाही, ओढ्याला पाणी असेल तर लांबचा वळसा. जखमीपर्यंत पोहोचलं तरी काम निम्मंच झालेलं असतं. भरलेलं स्ट्रेचर डोंगरउतारावरून आणायला एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर खांदे बदलावे लागतात. चालत तासाभरात होणारी उतरण अशा वेळी तीन-चार तास खाते. दुपारी फोन केलेला माणूस मध्यरात्री अँब्युलन्समध्ये चढतो, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांनी एकत्र येऊन महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं केलं, ते यातला पहिला टप्पा छोटा करण्यासाठी. हाक एका ठिकाणी यावी आणि जवळच्या पथकाला लगेच निरोप जावा, अशी ती व्यवस्था आहे. पण डोंगर चढायला लागणारा वेळ कुठलीच व्यवस्था कमी करू शकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. काळोखात, पावसात, चिखलाच्या पायवाटेने पथकं वर चढली. यंत्रं वर नेता येत नव्हती, म्हणून कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसावी लागली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा तर बाहेरच्या जगाला ते कळलं नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला समोर गाव दिसेना म्हणून.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. दरड अंगावर आली तर कुठलीही पिशवी उपयोगी पडत नाही. तिथे पावसाआधी माणसं हलवणं हाच उपाय आहे आणि ती जबाबदारी शासनाची आहे. पण जे वाचतात, जे अलीकडे-पलीकडे अडकतात, ज्यांच्या घरापर्यंत रस्ताच उरत नाही, त्यांना मधले तास स्वतःच्या बळावर काढायचे असतात.

गिर्यारोहकांमध्ये तीनचा ढोबळ हिशोब सांगतात. हवेवाचून माणूस तीन मिनिटं, गारठ्यात किंवा रणरणत्या उन्हात आडोशावाचून तीन तास, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. आकडे माणसागणिक बदलतील, पण क्रम बदलत नाही. आपण सॅक भरताना नेमका उलटा क्रम लावतो. आधी खाऊ, मग पाणी आणि जागा उरली तर रेनकोट.

आधी सापडायला हवं

पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, आणि दरीत आवाज असा घुमतो की कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. शिट्टीचा आवाज बारीक, टोकदार, लांब जाणारा. ती फुंकायला ताकद लागत नाही, बरगडी दुखावलेला माणूसही फुंकू शकतो. मिनिटभरात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा वेळा, ही गिर्यारोहणातली जगभर चालणारी संकटाची खूण. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. अंधारात हीच खूण दिव्याने करता येते. आत गोळी नसलेली प्लॅस्टिकची शिट्टी भिजली तरी वाजते. ती सॅकच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. सॅक दरीत गेली तरी जवळ राहील अशी गळ्यात किंवा कपड्याला हवी.

दिवा डोक्याला लावायचा का, तर दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. एका हाताने कातळ धरायचा, दुसऱ्याने सोबत्याला आधार द्यायचा, अशा वेळी मोबाइलचा टॉर्च तिसरा हात मागतो. शिवाय ज्या बॅटरीवर मदतीचा निरोप जायचा तीच तो पिऊन टाकतो.

फोनबद्दल पथकातले लोक फार जीव तोडून सांगत होते. नेटवर्क नसतानाही फोनला जीपीएसवरून ठिकाण कळतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा, अडचणीत अक्षांश-रेखांश कागदावर लिहून ठेवायचे. डोंगरात बोलण्याइतकी रेंज नसते, पण क्षणभर एखादी काडी आली तरी एसएमएस निघून जातो. त्या एसएमएसमध्ये ठिकाण, किती माणसं, कोणाला काय लागलं आणि जवळ पाणी किती, एवढं लिहायचं. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आपल्या कंपनीचं नेटवर्क नसेल तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. चार जणांत एक फोन सकाळपासून बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचा. आणि निघताना घरच्या माणसाकडे चिठ्ठी: कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. ही चिठ्ठी घरी राहते, पण शोध सुरू होतो तो तिच्यामुळे.

एकदा निरोप गेला की जागा सोडायची नाही. काळोखात उतरायची वाट शोधताना पथकांपासून अर्ध्या तासावर असलेला माणूस कड्याच्या टोकाशी जाऊन अडकतो. पुढचं सगळं सामान त्याला एका जागी बसून राहता यावं म्हणून आहे.

ऊब आणि पाणी

सह्याद्रीत बर्फ पडत नाही, म्हणून गारठ्याने कुणी मरत नाही असा समज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माथ्यावर सोसाट्याचा वारा असतो. भिजलेली जीन्स आणि सुती टी-शर्ट घालून तीन तास बसलेला माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची जीभ जड होते, तो असंबद्ध बोलू लागतो. कुडकुडणं थांबलं तर तो सावरला असं मानू नये, त्याचं शरीर हार मानू लागलेलं असतं. ओले कपडे काढणं, सुका बनियन चढवणं, चंदेरी ब्लँकेट गुंडाळणं आणि त्यावरून काळ्या पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडून ती अंगात घालणं, एवढ्याने रात्र निभते. खाली सॅक किंवा रोप टाकून बसायचं, कारण ओला कातळही अंगातली ऊब ओढून घेतो.

काडेपेटी, लायटर, मेणबत्ती बाळगावी, पण जाळ हा शेवटचा उपाय. पावसात लाकूड पेटत नाही आणि हिवाळा सरल्यावर वाळलेलं गवत एका ठिणगीने डोंगरभर वणवा नेतं. धुरामुळे आग्या मोहोळ उठलं तर सगळा गटच संकटात येतो.

उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा. मार्चनंतर गडावर जाताना माणशी तीन लिटर पाणी लागतंच, आणि ते घोट घोट पीत संपवायचं असतं. वाचवून ठेवलेलं पाणी बाटलीत राहतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो, असं पथकांनी पाहिलेलं आहे. गडावरच्या टाक्यांचं पाणी आधी फडक्यातून गाळायचं, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. गाळण्यासाठी जुनी सुती साडी उत्तम. रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या गावांमध्ये केलेल्या अभ्यासात साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले होते. कापडाने जंतू पुरते जात नाहीत, म्हणून गोळी किंवा उकळणं हवंच. पण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून गाळणंही हवं.

ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या बाटलीत ओतलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

औषधांची पुडी

औषधांची पुडी जितकी छोटी तितकी कामाची. रक्त थांबवायला स्वच्छ कापडाची घडी आणि दाबून धरणारा हात. मुरगळलेल्या पायाला क्रेप बँडेज. मोडलेल्या हाताला त्रिकोणी पट्टीची झोळी, सरळ काठी आणि ओढणी. जंतुनाशक, चिकटपट्टी, पॅरासिटामॉल आणि आपापली रोजची औषधं. दमा असेल तर पंप, मधुमेह असेल तर साखर. या पुडीत आपलं नाव, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि कोणतं औषध चालू आहे, हे लिहिलेला कागद असावा. बेशुद्ध माणसाच्या वतीने तोच बोलतो.

सापाच्या भीतीने लोक ब्लेड आणि दोरी आणतात. दोन्ही घातक. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या खडकाळ भागात फुरशाची गाठ जास्त पडते. जखम कापली की रक्त थांबत नाही, विशेषतः घोणस किंवा फुरसे चावलं असेल तर. दोरीने घट्ट आवळलं की तो अवयवच धोक्यात येतो. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचं, चावलेला हात-पाय काठी बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि प्रतिसर्पविष मिळेल त्या रुग्णालयात न्यायचं. म्हणून पुडीतल्या कागदावर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचं नाव हवं.

रुग्ण वेळेत डॉक्टरपर्यंत नेण्याचा धडा महाड तालुक्यात जुना आहे, विंचूदंशाचा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी नोंदवलं. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं आणि ते काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात पोहोचलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध आपण पिशवीत ठेवायचं नाही, डॉक्टरनेच द्यायचं. रुग्ण वेळेत डॉक्टरपर्यंत नेण्याची तयारी मात्र आपण ठेवायची.

महाडच्या माळ्यावर

डोंगरातून मी महाडला उतरलो. इथे घराघरांत पुराच्या खुणा दाखवतात: ही २००५ ची, ही २०२१ ची. सावित्री नदी महाबळेश्वरात उगम पावते आणि डोंगर उतरून थोड्याच अंतरात महाडला येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ६०० मिमी पाऊस झाला आणि ते पाणी काही तासांत शहरात शिरलं. भरतीच्या वेळी खाडी फुगलेली असली की नदीला उतरायला वाट राहत नाही. वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर बंद पडले, रस्ते बुडाले. त्याच पुरात, २२ जुलैला, तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. तिथपर्यंत पथकांना पोहोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण वाटेवरचं महाडच पाण्याखाली होतं.

बाजारपेठेजवळच्या एका घरात मी माळ्यावर चढून पाहिलं. घट्ट फिरकीच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा पिंप आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचे कॅन. पिंपात जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, घरपट्टीची पावती. पुरानंतर तलाठी पंचनाम्याला येतात, मदत बँक खात्यात जमा होते आणि त्या वेळी ज्यांची कागदपत्रं वाहून गेलेली असतात त्यांचे हाल सुरू होतात. आता त्या घरातल्या मुलीने कागदांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्येही ठेवलेत. पिंपात पुढे दहा-वीस-पन्नासच्या नोटा, कारण वीज नसली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आठवडाभराच्या गोळ्या आणि जुना चष्मा. सॅनिटरी पॅड. चुरमुरे, भाजके चणे, गुळाची ढेप, चूल न पेटवता खाता येईल असं. सेलवरचा रेडिओ. दोर आणि कोयता. कोयता गोठ्यासाठी, त्या घराच्या सूनबाईंनी सांगितलं. पाणी चढायला लागलं की गाठ सोडत बसायला वेळ नसतो, जनावराचं दावं एका घावात तोडायला हवं.

पिंप भरण्याइतकाच महत्त्वाचा त्या घराचा क्रम आहे. पाणी अंगणाला लागलं की आधी विजेचा मेन स्विच बंद. मग गॅसचा सिलिंडर बंद. मग सासूबाई वर. सामान सगळ्यात शेवटी. कोणी काय करायचं ते प्रत्येकाला पाठ आहे, दहा वर्षांच्या नातवालाही.

पूर ओसरल्यावरचे दिवसही पिशवी भरताना मोजावे लागतात. चिखलात उंदराच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात आणि पायाच्या चिरेतून ते आत शिरतात. म्हणून गमबूट, रबरी हातमोजे हवेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायचं. विहिरीचं पाणी शुद्ध झाल्याची खात्री होईपर्यंत आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण पाण्यात टाकायचं.

मृगाआधी आणि दिवाळीत

पहिली गोष्ट जागेची. बाजारात तयार ‘सर्व्हायव्हल किट’ मिळतात. चकचकीत डब्यात मासे पकडायचा गळ, तारेची करवत, होकायंत्र. ती बहुतेक दूरच्या निर्मनुष्य जंगलांच्या कल्पनेवर बेतलेली असतात. सह्याद्रीत पायथ्याचं गाव दोन-तीन तासांवर असतं, इथे मासे पकडून जगायची वेळ येत नाही. इथे अंधार, पाऊस, घसरडा कातळ आणि चुकलेली वाट मारते. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने माणसांना झोपेतच गाठलं. तशा भागात उशाशी चपला, टॉर्च आणि शिट्टी हव्यात, कारण फुटक्या काचांतून आणि ढिगाऱ्यातून अनवाणी बाहेर पडता येत नाही. जागेचा धोका ओळखला की यादी आपोआप आखूड होते.

दुसरी गोष्ट सवयीची. चंदेरी ब्लँकेट एकदा उघडून पाहिलेलं नसेल तर वाऱ्यात ते हातातून उडून जातं. त्रिकोणी पट्टी पाकिटातच राहते, कारण गाठ कशी मारायची ते माहीत नसतं. पथकातले लोक नवख्यांना अंधारात, डोळे मिटून सॅकमधून दिवा काढायला लावतात. हे घरीही करता येतं. दिवे घालवून मुलांना सांगायचं, पिशवी शोधा, शिट्टी वाजवा, ११२ ला काय सांगायचं ते म्हणून दाखवा. मुलांना हा खेळ आवडतो आणि पत्ता सांगायला ती शिकतात.

तिसरी गोष्ट पैशाची. शिट्टी, टॉर्च, प्लॅस्टिकच्या पिशव्या, साखर-मीठ, जुनी साडी यांना फार खर्च येत नाही. तरी ज्या वाड्या सर्वांत धोक्यात आहेत तिथे तेवढाही पैसा हाताशी नसतो. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं जातं, ते चांगलं आहे. पण डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात, सगळ्यांच्या हाताशी येईल असा एक पिंप हवा: स्ट्रेचर, दोर, बॅटऱ्या, क्लोरीन, ओआरएस, भोंगा, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या, गरोदर, आजारी माणसांची यादी. तो दर पावसाळ्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने ठरावाने कुणावर तरी सोपवायला हवी. हे काम गिर्यारोहकांच्या आणि शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. इर्शाळवाडीला पायवाटेने चढलेल्या माणसांनी आपलं काम केलं. त्यांच्या वाटेतले तास कमी करणं आणि वरच्या माणसांना ते तास काढता येतील असं साहित्य आधीच देणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे.

आपल्या वर्षात दोन वेळा घरची पिशवी तपासायला सोयीच्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आधी: सेल बदलायचे, औषधांच्या तारखा पाहायच्या, पाण्याचे कॅन भरायचे. आणि दिवाळीच्या साफसफाईत: पावसाने दमट झालेलं बाहेर काढायचं, गूळ-शेंगदाणे ताजे ठेवायचे, मुलांच्या वाढलेल्या मापाचे कपडे पिशवीत भरायचे. हा अंक हाती येईल तेव्हा घरातले माळे रिकामे झालेले असतील. सामान परत वर चढवण्याआधी एक पिशवी वेगळी काढा, घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसाला काय लागेल ते आधी तिच्यात भरा आणि ती दाराजवळ, सगळ्यांचा हात पोहोचेल अशा जागी ठेवा. शिट्टी आजच घ्या.